एक वीत, चार बोटं

उजव्या बाजूचा रेल सकाळच्या चहाआधीच बसला, आणि तोही इतक्या मुकाट्याने की चौकशीला जरा वाईटच वाटलं. चार ब्रॅकेट, आठ बोल्ट आणि चासीला कारखान्यातूनच पडलेली आठ भोकं. बोल्ट सरळ भोकात गेले, पान्याने आवळले, संपलं. काही विचारायला जागाच ठेवली नाही त्या कामाने.

चौकशी हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने गॅरेजच्या दारात उभं राहून सासऱ्यांना इतके प्रश्न विचारले की म्हातारा पाना खाली ठेवून म्हणाला, "आपण सून आणली की घरात चौकशी लावून घेतली?" नाव चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्याचं तेलाच्या वासाने डोकं दुखतं, तो एका कचेरीत फायली हलवतो. गॅरेजमध्ये उतरली ती सून. सहा वर्षांत नटबोल्टपासून सुरुवात करून तिने वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. फाटकं केली, जाळ्या केल्या, खुर्च्या केल्या. फक्त एका गोष्टीला सासऱ्यांनी तिला हात लावू दिला नव्हता. गाडीच्या चासीच्या वेल्डिंगला.

चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. इंजिन, चाकं, बसणारी माणसं, सगळा भार तिच्यावर. "फाटकाचं वेल्डिंग तुटलं तर फाटक पडतं," सासरे म्हणायचे. "चासीचं तुटलं तर माणूस पडतं." यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती घालत नसे. पण सहा वर्षं हे तिला सलत होतं. आपला हात तयार झालाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाटावर बसवायचं आणि ताट मात्र वाढायचं नाही, तशातली गत.

सासऱ्यांना सगळा गाव मिस्त्री म्हणायचा. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि वेल्डिंगच्या उजेडाकडे महिनाभर बघायचंसुद्धा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे काळा चष्मा लावून दारातल्या खुर्चीत बसायचं आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या, एवढंच त्यांच्या हाती होतं. हे रेलचं काम निव्वळ नटबोल्टचं, म्हणून घेतलं.

गाडी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. जुनी, उंच, चारही चाकांनी ओढणारी, आणि डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन जाऊन खिळखिळी न होता उलट मुरलेली. मागच्या महिन्यात रस्त्यातल्या एका धोंड्याने दाराखालचा पत्रा असा चेपला की दार उघडेना. बाई खिडकीतून उतरल्या आणि तशाच अडलेल्या गाईकडे गेल्या. परत आल्यावर त्यांनी बाहेरून रेलची जोडी मागवली. दारांखाली दोन्ही कडांना बसणारे हे जाड नळ; धोंडा आडवा आला तर गाडीचं वजन नळावर पेलायचं, पत्र्यावर नाही. परवा सकाळी त्यांना वरच्या वस्तीवर लसी टोचायला जायचं होतं.

चहा पिऊन चौकशी डाव्या बाजूला गाडीखाली शिरली. पुढचे दोन ब्रॅकेट बसले. मागचे दोन बसेनात. भोकं होती, पण भलत्या ठिकाणी. असायला हवीत त्यापेक्षा दोन बोटं पुढे.

"बाबा, डावीकडची मागची भोकं जुळत नाहीयेत."

"कंपनीची चूक," मिस्त्री खुर्चीतून म्हणाले. "परत पाठव."

असं ऐकून गप्प बसली असती तर तिचं नाव चौकशी कशाला पडलं असतं? तिने डावा रेल उतरवला, उजवाही परत सोडला आणि दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवले. आरशात बघावं तसे तंतोतंत. मग टेप घेऊन चासी मोजली. केबिन ज्या रबरी बुशावर बसते तिथून मागच्या पहिल्या भोकापर्यंत उजवीकडे तीनशे दहा मिलीमीटर भरले. डावीकडे दोनशे पंच्याहत्तर.

"कंपनीची चूक नाहीये. चासीच दोन बाजूंना दोन तऱ्हेची आहे."

"असेल."

"अशी कशी असेल? कारखान्यात एकाच साच्यातून निघते ना?"

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे बघ, खाजवून खरूज काढू नकोस. नवीन भोक पाडायचं नाही, चासी कमजोर होते. आणि वेल्डिंग करायचं तर महिनाभर थांबावं लागेल. उजवा रेल लाव आणि डॉक्टरीणबाईंना फोन कर. म्हणावं, एकच बाजू झाली."

चौकशी उकिडवी बसली होती ती तशीच राहिली. या माणसाने चाळीस वर्षांत अर्धं काम दारातून बाहेर जाऊ दिलं नव्हतं. एकदा एका गाडीच्या आरशाचा एक स्क्रू मिळेना, तर गाडी दोन दिवस अडवून ठेवली होती. आणि आज म्हणतात, एकच बाजू झाली म्हणून सांग. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते डाव्या बाजूलाच मुरत होतं.

मिस्त्री डोळ्यांत थेंब घालून घ्यायला घरात गेले तेवढ्यात तिने तारेचा ब्रश घेतला. वरचा रंग पांढरा, त्याच्याखाली हिरवा, त्याच्याखाली तांबडा प्राइमर. त्याच्याखाली वेल्डिंगची रेघ लागली. हातभर पुढे गेल्यावर दुसरी. म्हणजे मधला सगळा तुकडा कधीतरी कापून नवा घातलेला होता. चौकशीने खिशातली बॅटरी काढली आणि मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली. रेघ सरळ उभी नव्हती, तिरकी नेली होती, म्हणजे भार एका जागी येऊ नये. एकसारखी, कुठे फुगलेली नाही, कुठे खाल्लेली नाही. असं काम तिने फक्त मिस्त्रींचं पाहिलं होतं.

पण मिस्त्रींचं नव्हतं ते. कारण रेघेच्या टोकाला अणकुचीदार पंचाने ठोकलेले ठिपके दोन होते.

हा त्या गॅरेजचा जुना नेम. चासीला सांधा मारला की मारणाऱ्याने शेजारी आपल्या ठिपक्यांची खूण उठवायची. उद्या सांधा तुटला तर कुणाची गचांडी धरायची ते गाडीवाल्याला कळलं पाहिजे. मिस्त्रींच्या गुरूचा एक ठिपका. मिस्त्रींचे तीन. दोन ठिपक्यांचा माणूस या गॅरेजात होऊन गेल्याचं चौकशीने कधी ऐकलं नव्हतं, आणि तिने इथलं सगळं विचारून घेतलं होतं.

ती शेजारच्या दुकानात टर्नरकाकांकडे गेली. काका लेथवर वाकले होते आणि त्यांच्या पायाशी लोखंडाच्या कुरळ्या बटांचा ढीग पडला होता.

"काका, आमच्याकडे दोन ठिपक्यांचा वेल्डर कोण होता?"

काकांनी लेथ बंद केला. "कुठे बघितलेस?"

"डॉक्टरीणबाईंच्या गाडीला."

"ती गाडी आधी हिरवी होती का?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"लाकूडवाल्या व्यापाऱ्याची असणार. ओंडके भरून भरून त्याने चासी मोडली होती. अठ्ठावीस वर्षं झाली." काकांना बोलायचंही होतं आणि बोलायचं नव्हतंही. "त्या वर्षी मिस्त्रीचे दोन्ही हात भाजले होते बघ. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं. दीड महिना हातांना पट्ट्या, घास भरवावा लागायचा."

"मग सांधा कुणी मारला?"

काकांनी लेथ सुरू केला. त्यानंतर त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

चौकशी परत आली आणि कामाच्या टेबलाशी उभी राहिली. डोक्यात भुंगा सुरू झाला होता. हात भाजलेला माणूस सांधा मारू शकत नाही, पण सांगू शकतो. आजही खुर्चीत बसून सांगतच होते की. आणि मिस्त्री माप कसं सांगतात? टेप त्यांना आवडत नाही. टेपचा आकडा हरवतो, हात खिशात सापडतो, असं म्हणून ते सगळं विती-बोटांत सांगतात. नवशिक्यांसाठी त्यांनी आपली वीत आणि आपली चार बोटं टेबलाच्या कडेवर कानशीने खाचा पाडून ठेवली होती. सहा वर्षं चौकशी त्या खाचांवरूनच माप घ्यायची. आता तिने त्यांच्यावर टेप धरला. वीत दोनशे तीस. चार बोटं ऐंशी. मिळून तीनशे दहा.

उजव्या बाजूचं माप. एक वीत, चार बोटं.

ती गाडीखाली सरकली, पाठीवर आडवी झाली, आणि डाव्या बाजूच्या बुशाला अंगठा टेकवून तिने करंगळी ताणली. मग पुढे चार बोटं ठेवली. बोटाच्या कडेशी भोक. केसाचासुद्धा फरक नाही.

कुणीतरी आपल्या हाताचं माप सांगितलं होतं आणि कुणीतरी ते आपल्या हाताने मोजलं होतं. मोजणाऱ्याचा हात लहान होता. हा हात पुरुषाचा नव्हता.

गॅरेजच्या मागच्या खोलीत सासूबाई फोनजवळ बसून मटार सोलत होत्या. फोन घ्यायचा, कुठली गाडी कधी येणार ते पाटीवर लिहायचं, चहा करायचा, हे त्यांचं काम. फोनवर दिवसातून पंधरा वेळा तोच प्रश्न यायचा, "मिस्त्री आहेत का?" आणि त्या पंधरा वेळा तेच उत्तर द्यायच्या, "आहेत, देते."

"आई, हात बघू."

"मटाराचा आहे."

"असू दे. पंजा पसरा."

सासूबाईंनी पसरला. चौकशीने आपला पंजा त्यावर टेकवला. अंगठ्याला अंगठा, करंगळीला करंगळी. सासूबाईंनी आधी हाताकडे बघितलं, मग सुनेच्या कपाळावर लागलेल्या तांबड्या प्राइमरकडे.

"हिरवी गाडी आली वाटतं," त्या म्हणाल्या.

"आता पांढरी आहे."

सासूबाईंनी मटाराची परात बाजूला ठेवली. "तुझा नवरा पाळण्यात होता तेव्हा. त्याच्या आधी चार वर्षं मी ह्यांच्याबरोबर रोज काम करायचे. ह्यांनीच शिकवलं, आणि छान शिकवलं. मग ह्यांचे हात भाजले आणि लाकूडवाला येऊन बसला. आज काम नाही तर गाडी दुसरीकडे नेतो म्हणाला. हे म्हणाले, तू मार. मी शेजारी बसतो. दोन दिवस लागले."

"आणि खूण?"

"तीन ठिपके ह्यांचे. ते मी कसे मारायचे? खोटं झालं असतं. मग आपले दोन मारले."

"भोकं मात्र तुम्ही स्वतःच्या वितीने मोजलीत."

सासूबाई क्षणभर गोंधळल्या. चौकशीने सांगितलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "अगं बाई. ह्यांनी सांगितलं एक वीत चार बोटं, मी मोजलं एक वीत चार बोटं. त्या भोकांत तेव्हा नुसत्या ब्रेकच्या नळीच्या पकडी होत्या, दोन बोटं इकडे काय, तिकडे काय. कुणाला कळणार?"

"मग पुढे काम का सोडलंत?"

हसू थांबलं. "लाकूडवाला गाडी न्यायला आला. वाकून बघितलं आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, मिस्त्री, भाजल्या हातांनी असं काम, तुम्हाला मानलं. हे काही बोलले नाहीत. खोटं नाही बोलले, पण खरंही नाही बोलले. मी दारात उभी होते. वाटलं, आता सांगतील. मग वाटलं, तो गेल्यावर मला तरी काहीतरी म्हणतील. हे मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशी मूल रडत होतं, मी खाली उतरले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग फोन आला घरात, तो मी घ्यायला लागले."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की चौकशीला संताप आवरेना. अठ्ठावीस वर्षं ही बाई त्याच माणसाला दिवसातून पंधरा वेळा "आहेत, देते" म्हणत होती.

"चला, बघायला चला," ती म्हणाली.

मिस्त्री खुर्चीत परतले होते. बायको येताना दिसली आणि ते उठून उभे राहिले. सासूबाई त्यांच्याकडे न बघता गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या, गुडघ्याला हात टेकून बसल्या आणि चौकशीच्या बॅटरीच्या उजेडात आपल्या रेघेवरून बोट फिरवलं.

"सांधा हललेला नाही," त्या म्हणाल्या.

"हलणार नव्हताच," मिस्त्री म्हणाले. "गाडी दारात आली तेव्हाच ओळखली मी. माझ्याहून चांगला मारला होतास तू. मला माहीत होतं, म्हणूनच तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही." ते दोन पावलं पुढे आले. "चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," सासूबाई म्हणाल्या.

चौकशीला अजून एक प्रश्न उरला होता, आणि तो तिचा स्वतःचा होता. "बाबा, मला चासी का देत नव्हता? माझा हात कच्चा वाटतो का?"

मिस्त्री बायकोकडे बघत होते. "हात कधीच पक्का झालाय तुझा. पण तुला दिली असती आणि तुझं कौतुक केलं असतं, तर हिला काय तोंड दाखवलं असतं?"

शेवटी सासूबाईच उठल्या, गुडघे झटकले आणि विचारलं, "डॉक्टरीणबाईंना गाडी कधी हवीय?"

"परवा सकाळी."

"मग उभे काय राहिलात? बारा मिलीमीटरची पट्टी कुठे ठेवता हल्ली?"

भोक पाडायचं नाही हा नियम मोडायचा नव्हताच. चासीवर आडवी जाड पट्टी वेल्ड करायची, रेलची भोकं त्या पट्टीला पाडायची, चासीला नाही. चौकशीने पट्टी कापली, तिची टोकं तिरकी केली. गाडीच्या बॅटरीच्या तारा सोडल्या, ब्रेकची नळी बाजूला घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळली. माप मात्र दोघींनी टेपने घेतलं, दोनदा. मिस्त्रींना खुर्ची फिरवून पाठ करून बसवलं. उजेड बघायचा नाही ही डॉक्टरांची आज्ञा, आणि मध्येमध्ये बोलायचं नाही ही सासूबाईंची.

रॉड टेकवायच्या आधी चौकशीने हातमोजे पुन्हा एकदा ओढून घट्ट केले. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं की पाचावर धारण बसते माणसाची. सासूबाई जुना मास्क तोंडाशी धरून शेजारी बसल्या होत्या. "घाई करू नको," त्या म्हणाल्या. "लोखंड वितळायला लागलं की आवाज बदलतो. तो ऐक."

तिने ऐकला. पाठमोऱ्या मिस्त्रींनीही ऐकला, कारण दुसऱ्या रेघेच्या मध्यावर त्यांची मान समाधानाने हलायला लागली. काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. मग मिस्त्रींनी त्यांची नेहमीची परीक्षा घेतली. रेलच्या मधोमध जॅक लावला आणि डावीकडची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. जेवण होईपर्यंत गाडी तशीच टांगून ठेवली. रेल वाकला नाही, पट्टी हलली नाही, आणि तिच्या मागचा दोन ठिपक्यांचा सांधाही नाही.

"पंच घे," मिस्त्री म्हणाले.

"किती ठिपके मारू?"

"ते तू ठरव. एक, दोन, तीन गेले."

तिने चार मारले.

डॉक्टरीणबाई तिसऱ्या दिवशी सकाळी लसींची पेटी घेऊनच आल्या. त्यांनी रेलवर पाय देऊन वर चढून बघितलं, उतरून खाली वाकून बघितलं, आणि कामाची पारख असलेल्या माणसासारखा पट्टीवर अंगठा फिरवला. मग त्या दारातल्या खुर्चीकडे वळल्या. "मिस्त्री, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन असं काम? तुम्हाला मानलं."

चौकशीने सासूबाईंकडे बघितलं. त्या मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, बहुधा अठ्ठावीस वर्षांपूर्वी जिथे उभ्या होत्या तिथेच.

मिस्त्री उठले. काळा चष्मा काढला. "मी काही केलं नाही, बाई. नवीन पट्टी सुनेची. चार ठिपके आहेत बघा. आणि त्याच्यामागे जुना सांधा आहे, दोन ठिपक्यांचा, तो हिचा. अठ्ठावीस वर्षं तुमची गाडी हिच्या हातावर चालतेय. मी दोन्ही वेळा नुसता बसून होतो."

डॉक्टरीणबाई परत खाली वाकल्या, दोन ठिपके शोधायला. तेवढ्यात आत फोन वाजला. सासूबाई पदराला डोळे पुसत गेल्या आणि उचलला. पलीकडून नेहमीचाच प्रश्न आला असणार, कारण उत्तर बाहेर सगळ्यांना ऐकू आलं.

"तीन आहेत," त्या म्हणाल्या. "कोण हवंय?"